सहाव्या महिन्यात निघालेली शुगर: हवेचा वाटा किती, आपल्या हातात किती

सोलापुरात अक्कलकोट रोडवर राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. वय २७, पहिलं बाळंतपण, सव्विसावा आठवडा. ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी काढलेली शुगर १६२ आली. माहेरी कुणाला मधुमेह नाही, अंगानं बारीक. त्या लिहितात, "सासूबाई म्हणतात, आंबे खाल्ले म्हणून झालं. मी मात्र वाचलं की प्रदूषणामुळे गरोदरपणात शुगर वाढते. आमच्या गल्लीत यंत्रमाग, पुढच्या रस्त्याला रात्रंदिवस ट्रक. सासूबाई घरीच विड्या वळतात, मामंजी विडी ओढतात, अंघोळीचं पाणी बंबावर तापतं. खरंच हवेमुळे झालं असेल का? बाळंतपणापर्यंत माहेरी, माढा तालुक्यात जाऊन राहू का? हवा शुद्ध करायचं मशीन घेऊ का? सकाळचं चालणं बंद करू का?"

ताई, आधी आंब्याचं मिटवू. दुपारी दोन आंबे खाल्ले तर त्या दुपारची शुगर चढेल, एवढं खरं. पण गरोदरपणातला मधुमेह आंब्यानं होत नाही. सासूबाईंना हे उत्तर वाचून दाखवा. सोलापुरात इतकी वर्षं बाळंतपणं करताना मी पाहत आले आहे, की शुगरचा रिपोर्ट आला की घरात पहिला प्रश्न "हिनं काय खाल्लं?" हाच असतो. त्या प्रश्नानं पोरगी आतून खचते, आणि खचलेली बाई ना नीट जेवते, ना नीट झोपते. त्याचाही शुगरवर परिणाम होतो.

तुमच्या आकड्याचा अर्थ समजून घ्या. आपल्याकडे ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिली पाण्यात घालून देतात आणि दोन तासांनी रक्त काढतात. उपाशी असायची सक्ती नसते, कारण खेड्यातून एसटीनं आलेल्या बाईला पुन्हा उपाशीपोटी बोलावलं तर ती परत येईलच असं नाही. १४० किंवा त्याहून जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह. २०० च्या वर गेलं तर तो बहुधा आधीपासूनचाच, आता सापडला असं समजतो. तुमचं १६२ मधल्या पट्ट्यात आहे. म्हणजे आजार आहे, उपचार लागणार, पण घाबरून जाण्यासारखं काही नाही. ही तपासणी पहिल्याच भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करायची असते. पहिली झाली नसेल तर तसं डॉक्टरांना सांगा. दिवस जायच्या आधीपासून शुगर होती का, याचा अंदाज त्यावरून येतो. पाणी पिऊन अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली असेल तर ती तपासणी धरायची नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची. बऱ्याच जणी उलटी झाल्याचं सांगतच नाहीत.

आता मूळ मुद्दा. गरोदरपणात वार (प्लॅसेंटा) जी संप्रेरकं (हार्मोन्स) सोडते ती आईच्या इन्शुलिनचा जोर मुद्दाम कमी करतात, म्हणजे रक्तातली साखर बाळासाठी शिल्लक राहते. निसर्गाचीच व्यवस्था आहे ती. आईच्या स्वादुपिंडानं त्या बदल्यात दुप्पट-तिप्पट इन्शुलिन तयार करायचं असतं. जिला ते जमत नाही तिची शुगर चढते, आणि वार जसजशी मोठी होते तसा हा ताण वाढत जातो. म्हणून तपासणी सहाव्या महिन्यात. वार पडली की बहुतेक जणींची शुगर दोन-तीन दिवसांतच खाली येते. दोष आंब्यात नाही याचा याहून चांगला पुरावा मला देता येणार नाही.

"पण मी तर बारीक आहे" हेही मी रोज ऐकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. आपली बाळं वजनानं कमी असतात, पण त्यांच्या शरीरात चरबीचं प्रमाण इंग्लंडमधल्या बाळांच्या मानानं जास्त असतं, हे त्यांनी दाखवलं. बारीक दिसणाऱ्या शरीरातही इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती असू शकते. म्हणजे वजनकाटा काय सांगतो आणि घराण्यात कुणाला शुगर आहे, एवढ्यावर विसंबता येत नाही. शिवाय आपल्याकडे घराण्यात शुगर "नाही" याचा अर्थ अनेकदा "कुणी तपासलेली नाही" एवढाच निघतो. तुमच्या आईची एकदा तपासून घ्या.

या सगळ्यात हवा कुठे येते? धुरात जे बारीक कण असतात, त्यांतले अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, ते केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही लहान. नाकातले केस, घशातला कफ यांना ते दाद देत नाहीत. फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या पिशव्यांपर्यंत जातात. तिथं शरीर त्यांच्याशी झुंजायला लागतं, दाह सुरू होतो, आणि दाहाची रसायनं रक्तातून सगळीकडे फिरतात. स्नायू आणि यकृत यांच्या पेशींनी इन्शुलिनचं ऐकायचं असतं, त्यात ही रसायनं अडथळा आणतात. ताणाची संप्रेरकंही वाढतात, तीही साखर चढवणारीच. काही अतिसूक्ष्म कण तर थेट रक्तात उतरतात. बेल्जियममधल्या संशोधकांना २०१९ मध्ये वारेच्या बाळाकडच्या बाजूलाही काजळीचे कण आढळले. ज्या आईच्या घराभोवती काजळी जास्त, तिच्या वारेतही ती जास्त.

म्हणजे गरोदरपणात आधीच भरलेल्या गाडीवर धूर आणखी एक पोतं टाकतो. ज्या बैलांत दम आहे त्यांना ते जाणवणार नाही, जे आधीच धापा टाकत होते ते बसतील.

अमेरिका, तैवान, चीन अशा ठिकाणी लाखो गरोदर बायकांच्या नोंदी आणि त्यांच्या पत्त्यावरची हवा जुळवून पाहिलेली आहे. सगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष सारखे नाहीत. काहींत दिवस जायच्या आधीची हवा महत्त्वाची ठरते, बऱ्याच अभ्यासांत चौथा ते सहावा महिना, थोड्यांत काहीच संबंध दिसत नाही. पण एकूण कल एकाच दिशेचा आहे: हवेत बारीक कण वाढले की गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण थोडं वाढतं. आपल्या देशातला दाखला हवा असेल तर दिल्ली आणि चेन्नईत सुमारे १२ हजार जणांवर झालेला अभ्यास २०२३ मध्ये आला. त्यात पीएम २.५ ची वर्षाची सरासरी १० मायक्रोग्रॅमनं जास्त असली तर मधुमेह होण्याचा धोका २२ टक्क्यांनी वाढलेला दिसला. तो अभ्यास गरोदर बायकांचा नव्हता, एकूण प्रौढांचा होता, हे लक्षात ठेवूनच त्याकडे बघायचं.

या परदेशी अभ्यासांबद्दल माझं एक म्हणणं आहे. त्यांत घराबाहेरची हवा मोजलेली असते, तीही मोजणीकेंद्रावरून किंवा उपग्रहावरून अंदाज बांधून. बाई घरात काय श्वासात घेते ते त्यात येत नाही. आपल्या बायका सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत स्वयंपाकघरात आणि न्हाणीघराशेजारी असतात, आणि तिथला धूर रस्त्यावरच्या धुराच्या कित्येक पट असू शकतो. दुसरं, मोठ्या रस्त्याच्या कडेला धूर असतो तसा गोंगाटही असतो. रात्रभर ट्रकचे हॉर्न आणि मागाचा खडखडाट ऐकत चार तास झोपणाऱ्या बाईची शुगर धुरानं चढली की झोपेअभावी, हे वेगळं काढणं अवघड आहे. झोप कमी झाली की शुगर चढते, हे स्वतंत्रपणे सिद्ध झालेलं आहे. तुमची खोली रस्त्याच्या बाजूला असेल तर ती बदला. मागच्या खोलीत झोपा. याला पैसे लागत नाहीत, आणि धूर आणि आवाज दोन्ही कमी होतात.

तर "हवेमुळे झालं का?" याचं उत्तर: एकट्या तुमच्या बाबतीत बोट ठेवून कुणीही सांगू शकणार नाही. हवेचा वाटा खरा आहे, पण एका बाईपुरता पाहिला तर तो लहान. वय, वजन, घराणं, आधीचा पीसीओडी (पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा आजार) यांचा वाटा जास्त. मात्र हवा सगळेच घेतात. त्यामुळे लहान वाटाही शहराच्या हिशेबात मोठा होतो, आणि म्हणून तो महापालिकेनं, कारखान्यांनी, आपण सगळ्यांनी मनावर घ्यायचा विषय आहे. सोलापूर २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे. ज्या शहरांची हवा ठरलेल्या मर्यादेत बसत नाही, त्यांचीच ती यादी. आणि ती मर्यादाही सैलच: पीएम २.५ साठी आपली वर्षाची मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, तर जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये आपला आकडा ५ वर आणला.

सोलापूरकर प्रदूषण म्हटलं की धुळीबद्दल बोलतात. कोरडी हवा, उखडलेले रस्ते, गाडी गेली की उडणारा लोट, कपड्यांवरचा थर. ती धूळ त्रासदायक आहेच, दमा असलेल्यांना फार. पण तिच्यातला मोठा भाग नाकात-घशातच अडकतो. मागाजवळ उडणारे कापसाचे तंतूही बरेचसे तसेच. शुगरच्या दृष्टीनं मला जास्त काळजी वाटते ती न दिसणाऱ्या गोष्टीची: डिझेलचा धूर, कचरा पेटवल्याचा धूर, शेतात पाचट पेटवल्याचा धूर, आणि घरातला धूर. फोनवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं समीर ॲप घेतलंत तर सोलापूरच्या केंद्राचा हवेचा आकडा रोज दिसतो. नुसता आकडा बघू नका, त्यावेळी मुख्य प्रदूषक कोणता दाखवला आहे तेही बघा. पीएम १० म्हणजे बहुतांशी धूळ. पीएम २.५ असेल तर त्या दिवशी धूर जास्त आहे असं समजा.

आता तुमच्या घरात येऊ, कारण माझं खरं सांगणं इथंच आहे.

पहिला बंब. सकाळी पाच-साडेपाचला पेटतो, त्यात ढलप्या, गोवऱ्या, आणि तुमच्या भागात कारखान्यातून आणलेल्या सुताच्या चिंध्या. पेटत नाही म्हणून वर एखादी प्लॅस्टिकची पिशवी. न्हाणीघर घराच्या आत किंवा मागच्या बोळात, धूर सरळ स्वयंपाकघरात. आणि तो पेटवायचं, फुंकायचं काम घरातल्या सुनेकडे. गॅस सिलिंडर असलेल्या घरांतही "एवढ्या पाण्याला गॅस कशाला जाळायचा" म्हणून बंब चालूच असतो. ताई, तुमच्या यादीतली सगळ्यात आधी बंद करायची गोष्ट ही आहे. मे महिन्यात सोलापुरात अंघोळीला पाणी तापवायची गरजही नसते. पावसाळ्यात लागलं तर गॅसवर किंवा गिझरवर. घरातल्यांना बंब सोडवत नसेल तर निदान तो गच्चीवर जाऊ दे, पेटवायचं काम दुसऱ्यानं करू दे, आणि चिंध्या-प्लॅस्टिक त्यात जाता कामा नये. रंगवलेलं सूत आणि प्लॅस्टिक जळतं तेव्हा निघणारा धूर लाकडाच्या धुरापेक्षाही वाईट.

दुसरी विडी. मामंजींनी घराबाहेर ओढायची. खिडकीत उभं राहून नव्हे, पार बाहेर. "लांब बसून ओढतो" याला दोन खोल्यांच्या घरात अर्थ नाही, धूर भिंतीला विचारून थांबत नाही. हे सुनेनं सांगायचं नसतं, हे मला समजतं. म्हणून पुढच्या तपासणीला नवऱ्याला आणि सासऱ्यांना बरोबर आणा, डॉक्टरांना सांगू द्या. आपल्याकडची जुनी माणसं सुनेचं ऐकणार नाहीत, पण नातवासाठी सांगितलं की बहुतेक ऐकतात.

सासूबाईंच्या विड्या वळण्याबद्दल मी फार जपून बोलेन. शहराच्या पूर्व भागात, विडी घरकुलात, कुंभारीला, कितीतरी घरांची चूल त्या सुपावर चालते. बंद करा असं म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण त्या मांडीवर सूप घेऊन बसतात तेव्हा तंबाखूची भुकटी उडते, आणि तंबाखूतलं निकोटीन श्वासातून आणि कातडीतूनही शरीरात जातं. निकोटीन इन्शुलिनच्या कामात अडथळा आणतं आणि बाळाचा रक्तपुरवठाही कमी करतं. त्यामुळे ते काम बाहेरच्या पडवीत किंवा दारात व्हावं, तंबाखूचं पोतं झोपायच्या खोलीत नसावं, आणि तुम्ही बाळंत होईपर्यंत हातभार म्हणूनही विडीला हात लावू नये. त्यांनीही उठल्यावर साबणानं हात धुऊन मगच पिठात हात घालावा.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण मी प्रत्येकीला विचारते: मिश्री लावता का? तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, सकाळी दातांना लावून बसायचं. दिवस गेल्यावर मळमळतं म्हणून दोन-तीनदा लावणाऱ्या मुली मी पाहते. हे तंबाखू खाण्यासारखंच आहे. लावत असाल तर आजपासून बंद. पहिले काही दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, पोट साफ होणार नाही. ते उतरतं. तोंडात बडीशेप ठेवा. घरात दुसऱ्या कुणासाठी मिश्री भाजत असतील तर त्या वेळी तुम्ही घरात थांबू नका, त्या धुरानं अख्खं घर भरतं.

मच्छर कॉइलही काढून टाका. एक कॉइल जळताना जितके सूक्ष्म कण सुटतात, तितक्यासाठी ७५ ते १३७ सिगारेटी जाळाव्या लागतील, असं २००३ च्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. बंद खोलीत, उशाशी, रात्रभर. मच्छरदाणी लावा. उदबत्ती-धूप देवघरापुरते, दार उघडं ठेवून. मिरच्या, शेंगा भाजायच्या असतील तर खिडकी उघडा, आणि शक्य असेल तर ते काम दुसऱ्या कुणाला द्या.

माहेरी जाण्याबद्दल. गावची हवा चांगली असते या समजुतीनं बऱ्याच जणी लवकर जातात. जाण्याआधी आईला तीन गोष्टी विचारा. स्वयंपाक गॅसवर होतो की चुलीवर? पाणी कशावर तापतं? आणि शुगर तपासायची, सोनोग्राफीची सोय किती लांब? घरात चूल असेल, तुराट्या-पळकाट्या जळत असतील, तर अक्कलकोट रोडवरच्या हवेपेक्षा त्या स्वयंपाकघरातली हवा वाईट असेल. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, घरोघरी सिलिंडर पोचले, पण भाकरी चुलीवरच चांगली होते म्हणून चूल पेटतेच. ऊस तोडणीच्या काळात, नोव्हेंबर ते मार्च, पाचट पेटवतात तेव्हा माढा-माळशिरसकडची संध्याकाळची हवाही साधी नसते. तुमचे दिवस श्रावणाच्या सुमारास भरतील, तेव्हा तो त्रास नसेल. माहेरी गॅस असेल, रात्री शांत झोप लागणार असेल आणि कुर्डुवाडी-माढ्याला दर पंधरा दिवसांनी दाखवता येणार असेल, तर जरूर जा. आईच्या हातचं जेवण आणि विश्रांती यांची किंमत मी कमी मानत नाही. नाहीतर सासरीच बंब बंद करून राहिलेलं बरं.

चालणं अजिबात बंद करू नका, वेळ बदला. शुगरसाठी सगळ्यात उपयोगी चालणं म्हणजे प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांचं. जेवणानंतर स्नायू हलले की ते इन्शुलिनवाचूनही रक्तातली साखर ओढून घेतात. हे चालणं घरात, गच्चीवर, आतल्या गल्लीत होऊ शकतं, त्यासाठी हमरस्त्यावर जायची गरज नाही. मोठ्या रस्त्यापासून दोन-तीनशे मीटर आत गेलं तरी वाहनांच्या धुराचं प्रमाण बरंच उतरतं. मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा दुपारी बाहेर पडूच नका. उन्हात ओझोन हा श्वासाला त्रासदायक वायूही वाढलेला असतो, उष्माघाताचा धोका वेगळा. हिवाळ्यात दिवस भरणाऱ्या मुलींसाठी उलटं सांगेन: नोव्हेंबर ते जानेवारी पहाटे थंड हवा जमिनीलगत साचते आणि रात्रभराचा धूर तिच्यातच अडकून राहतो. पहाटे साडेपाचला कंबर तलावाला फेऱ्या मारण्यापेक्षा न्याहारीनंतर, ऊन पडल्यावर चाललेलं बरं. दिवाळीत आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत शोभेचं दारूकाम असतं, त्या रात्री घरातच थांबा.

मशीन घ्यावं का? हेपा फिल्टरचं मशीन बारीक कण खरंच पकडतं. पण ते बंद खोलीत. उन्हाळ्यात तुमच्या घरात कूलर चालतो, आणि कूलर बाहेरचीच हवा आत ओढतो. खिडक्या उघड्या, कूलर चालू, आणि कोपऱ्यात पंधरा हजारांचं मशीन: पैसे वाया. ते पैसे गिझरला, स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट पंख्याला आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांना लावा. कूलर मात्र रस्त्याच्या बाजूनं काढून मागच्या खिडकीत बसवा. गाडीवर जाताना तोंडाला बांधलेला स्कार्फ धूळ आणि ऊन अडवतो, धूर नाही. रहदारीतून जायचंच असेल तर एन-९५ मास्क थोड्या वेळापुरता लावा, गुदमरल्यासारखं झालं तर काढा. त्यानंही वायू अडत नाहीत, कण अडतात.

गुळाचं सांगायला हवं. धुळीत काम करणाऱ्यांनी गूळ खाल्ला की छाती साफ होते, ही आपल्याकडची जुनी समजूत. त्यात गरोदर बाईला रक्त वाढायला गूळ-शेंगदाणे. फुप्फुसात गेलेला कण गुळानं निघत नाही, आणि गुळानं शुगर साखरेइतकीच चढते. रक्तासाठी लोहाच्या गोळ्या घ्या, शेंगदाणे नुसते खा. डिंकाचे लाडू आता नकोत. "ज्वारीची भाकरी कितीही खा" हेही खरं नाही. मालदांडी ज्वारी असली तरी ती धान्यच. पोळीपेक्षा बरी, पण तीन भाकऱ्या आणि वर भात झाला तर दोन तासांनी ग्लुकोमीटर सांगेलच. एक भाकरी, वाटीभर उसळ किंवा डाळ, पालेभाजी, दही, चमचाभर शेंगाचटणी असं ताट करा आणि दिवसातून तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडं थोडं खा. उपवास सोडा, साबुदाण्याची खिचडी तर नकोच. आंबा? जेवणानंतर नव्हे, मधल्या वेळी दोन-तीन फोडी, आणि शुगर आटोक्यात असेल तेव्हाच. रस नाही.

दोन आठवडे असं पाळून उपाशीपोटीची शुगर ९५ च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांची १२० च्या आत राहिली, तर आहारावरच भागेल. नाही राहिली तर मेटफॉर्मिन किंवा इन्शुलिन. इन्शुलिनचं नाव काढलं की घरात रडारड होते, म्हणून सांगते: ते वारेतून बाळाकडे जात नाही, त्याची सवय लागत नाही, आणि वार पडली की बहुतेकींचं त्याच दिवशी बंद होतं. "थोडीच तर वाढली आहे" म्हणून टाळू नका. २००८ मध्ये नऊ देशांतल्या सुमारे २३ हजार बायकांचा मोठा अभ्यास आला, त्यात शुगर जसजशी वाढते तसतसा बाळ मोठं होण्याचा, सिझेरियनचा, जन्मल्यावर बाळाची शुगर एकदम उतरण्याचा धोका पायरीपायरीनं वाढतो असं दिसलं. अमुक आकड्याखाली सुरक्षित, अशी ठाम रेघ त्यात सापडली नाही.

तुमच्यासारख्या घरातल्या मुलींच्या बाबतीत मी बाळाच्या वाढीची सोनोग्राफी जरा जास्त बारकाईनं बघते. शुगर बाळाचं वजन वाढवते, धूर आणि तंबाखू ते कमी करतात. दोन्ही एकत्र असतील तर वजनाचा आकडा मधोमध, दिसायला ठीक येतो, आणि सगळे निर्धास्त होतात. म्हणून बाळाच्या पोटाचा घेर, बाळाभोवतीचं पाणी आणि रक्तप्रवाह वेगळे बघून घ्यायला सांगा. बाळाची हालचाल कमी वाटली तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच तासाला दवाखाना गाठा. बाळंतपण अशा ठिकाणी ठरवा, जिथं बाळाची शुगर जन्मल्यावर लगेच तपासतील. पहिल्या तासातच अंगावर पाजा, बाळाची शुगर सावरायला त्याचा मोठा आधार होतो.

बाळंत झाल्यावर शुगर उतरली म्हणून फाईल बांधून ठेवू नका. ज्यांना गरोदरपणात शुगर झाली त्यांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा सात ते दहा पट असतो. सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करायची असते, या वेळी मात्र रात्रीपासून उपाशी राहून, आणि पुढे दरवर्षी. या तपासणीला येणाऱ्या मुली फार थोड्या, कारण बाळाच्या धावपळीत स्वतःचं राहून जातं. बाळाची दीड महिन्याची लस नेमकी त्याच सुमाराला असते. त्या दिवशी सकाळी काही न खाता या, बाळाला टोचून होईपर्यंत तुमचं पहिलं रक्त काढून होईल, ग्लुकोजचं पाणी प्या आणि दुसरं रक्त देईपर्यंत दोन तास तिथंच बाळाला घेऊन बसा.